बेणारेबाईचं कोर्ट आणि आपलं कोर्ट

डोलवीच्या आमच्या पोरांनी यंदा जयंतीला नाटक करायचं ठरवलं. दरसाल भीमगीतं होतात, भाषणं होतात, भाषणं करणारेही तेच ते असतात. तेव्हा नाटक करू म्हणाले, ही गोष्ट चांगली. पण कुठलं? तर तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. मी म्हटलं, च्यायला, आपल्याकडे नाटकांचा दुष्काळ पडलाय काय? पण पोरं ऐकेनात. एकाने पेणला कॉलेजात असताना त्यातला एक प्रवेश केला होता, त्याला आख्खा सुखात्मे पाठ. तालमी सुरू झाल्या. पहिली पाळी करून आलेली पोरं संध्याकाळी विहारात जमायची. मी पुस्तक घेऊन बाजूला बसायचो, कोणी अडलं की पुढचा शब्द सांगायचो.

तिसऱ्या दिवशी दोन प्रश्न निघाले. सुखात्मे करणारा म्हणाला, "दादा, हे कलम ३०२ बरोबर आहे का? ३०२ म्हंजे खून ना?" आणि दुसरा, जो नुकताच श्रामणेर शिबिर करून आलाय, तो म्हणाला, "आपण वंदनेत पाणातिपाता वेरमणी म्हणतो. मग पोट पाडणारीची बाजू आपण घ्यायची कशी?" तालीम तिथेच थांबली. मी काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हतं, हे पोरांनाही कळलं आणि मलाही. हा लेख त्या दोन प्रश्नांवर आहे. नाटकाचं परीक्षण म्हणून वाचा, नाहीतर उशिरा दिलेलं उत्तर म्हणून वाचा.

*

नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. १९६७ सालचं नाटक. मुंबईची एक हौशी मंडळी एका खेड्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला येतात. रात्री अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सनवर अणुबॉम्बचा खटला चालवायचाय. दुपारचा वेळ जात नाही, गावातल्या सामंतला साक्षीदाराचं काम शिकवायचंय, म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला उभा करतात. आरोपी कोण? मंडळींतली मास्तरीण, लीला बेणारे. आरोप काय? भ्रूणहत्या. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीवर हात ठेवून शपथा होतात. आधी हसणं-खिदळणं. मग कळतं की बाईला खरंच दिवस गेलेत, लग्न झालेलं नाही, आणि ज्याच्यापासून दिवस गेले तो प्रोफेसर दामले आज आलेलाच नाही. मग काय, खेळाचा खरा खटला होतो. एकेक जण उठतो आणि तिचं आयुष्य उघडं करतो. शेवटी न्यायाधीश झालेला काशीकर निकाल देतो, की बाई जगेल, पण तिच्या पोटातलं मूल नष्ट केलं जाईल.

आता नीट बघा. आरोप गर्भ मारल्याचा, आणि शिक्षा गर्भ मारण्याची! ज्या कोर्टाने मातृत्वाच्या पावित्र्यावर एवढी लांबलचक व्याख्यानं झोडली, त्याच कोर्टाने पोट पाडण्याचा हुकूम दिला. आणि बेणारेला तर मूल हवंय. पोराला बाप पाहिजे, नाव पाहिजे, म्हणून ती दारोदार लग्नाची भीक मागत हिंडलीय. म्हणजे जे तिने केलं नाही त्याचा आरोप, आणि जे तिला करायचं नाही त्याची शिक्षा.

इथे हे नाटक मोठं आहे. आपल्यातले काही जण बामणाचं म्हटलं की पुस्तक मिटवतात. तो विद्रोह नव्हे, तो आळस आहे. तेंडुलकरांनी एक गोष्ट पकडलीय जी गर्भपातावरच्या शंभर परिसंवादांत हाताला लागत नाही. भांडण गर्भाच्या जिवाचं नाहीच. गर्भ राहिला काय न् गेला काय, काशीकराला सोयरसुतक नाही. भांडण एवढंच आहे की हुकूम कोणाचा चालायचा. हाच काशीकर मध्येच म्हणतो की आपली बालविवाहाची चाल पुन्हा सुरू केली पाहिजे. समाजसेवक आहे ना तो!

कलमाचं सांगतो. सुखात्मे करणाऱ्या पोराचं बरोबर आहे. ३०२ खुनाचं. गर्भपाताचं कलम वेगळं होतं, ३१२, इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानातलं. बाईचा जीव वाचवायला म्हणून प्रामाणिकपणे केला नसेल, तर गर्भपात करवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पोटात मूल हलायला लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि बाईने स्वतःचं स्वतः केलं तरी ती गुन्हेगार. तेंडुलकरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. नाटकातले वकील-न्यायाधीश सगळे हौशी आहेत, त्यांना बाईला खुनीच ठरवायचंय, तेव्हा ३०२ त्यांच्या तोंडी शोभतं. पोरांना मी सांगितलं, ३०२ च म्हणा, पण म्हणताना तुम्हाला ठाऊक असू द्या की हे खोटं आहे.

पण नाटकाला एक भगदाड आहे, ते आपण नाही दाखवायचं तर कोणी? आडनावं वाचा. काशीकर, सुखात्मे, दामले, पोंक्षे, कर्णिक, बेणारे. एका खेड्यातल्या सभागृहात हे सगळं घडतं. गावातला म्हणून एक भाबडा सामंत तेवढा दिसतो. त्या गावाला महारवाडा होता की नव्हता? सभागृह झाडायला कोण येत होतं? त्या झाडणारीला दिवस गेले असते तर ही मंडळी खटला भरत बसली असती का? नसती. तिच्या पोटाला अब्रू नसते. तिच्या पोटाचा खटला वेगळ्या ठिकाणी चालतो, आणि तिथे हिरवा पडदा पडत नाही.

बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' या नाटकाच्या शेजारी ठेवून वाचा. १९८६ साली पुस्तक आलं. फलटणकडच्या महारवाड्यातल्या बाळंतिणी त्यात आहेत. अर्ध्या वयाच्या पोरी, पोटात अन्न नाही, बाळंत होऊन पडल्यात आणि घरात शिजवायला काही नाही. सुईणींच्या हाताखाली तडफडून मेलेल्या आहेत. बेणारेच्या पोटात कलंक आहे, बेबीताईंच्या बायांच्या पोटात भूक आहे. मराठी टीकेने पहिल्या पोटावर पानंच्या पानं खर्ची घातली. दुसऱ्याला 'वास्तवदर्शी' म्हणून एका शब्दात उरकलं. आणि आपणही कुठे शहाणे आहोत? आपल्या कवितेत आई आहे, चिक्कार आहे. राबणारी आहे, शेण उचलणारी आहे, आपल्याला शिकवणारी आहे. पण आई व्हायचं की नाही हे ठरवणारी बाई आपल्या कवितेत किती वेळा आलीय? मोजून सांगा.

*

आता त्या 'भ्रूणहत्या' शब्दाकडे येतो, कारण तो भिंतीभिंतीवर आहे. दवाखान्याच्या भिंतीवर आहे, एस.टी.च्या पाठीवर आहे, आपल्या पोरांच्या जयंतीच्या रांगोळीतही 'स्त्रीभ्रूणहत्या थांबवा' म्हणून आहे. हेतू चांगला. पण शब्द कुठून आला?

आमची आजी वस्तीची सुईण होती. तिच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती म्हणायची दिवस गेले, दिवस राहिले, पोट पाडलं, खाली केलं. यातल्या एकाही शब्दात खून नाही. 'भ्रूणहत्या' हा पोथीतला शब्द. तो जिथे राहतो त्या मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितलंय की न कळलेला गर्भ मारला तर ब्रह्महत्येचं प्रायश्चित्त घ्यावं. न कळलेला म्हणजे मुलगा की मुलगी हे न कळलेला. टीकाकार पुढे खुलासा करतात की हा गर्भ ब्राह्मणाचा. म्हणजे पाप जिवाचं नाही, आत ब्राह्मण पुरुष असू शकतो याचं! आणि त्याच अध्यायात जिता-जागता शूद्र मारला तर ब्रह्महत्येच्या सोळाव्या हिश्शाचं प्रायश्चित्त. जरा पुढे मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, कावळा यांना मारल्याचं प्रायश्चित्त शूद्रहत्येएवढंच. एका बामणाच्या गर्भाला आपल्या सोळा जित्या माणसांचा भाव.

ही पोथी २५ डिसेंबर १९२७ ला जाळली कुठे? महाडला. आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा रायगडच्या आंबेडकरी कार्यकर्त्याने तरी तो शब्द तोंडात घेताना अडखळायला पाहिजे.

हा शब्दांचा काथ्याकूट नाही दोस्तांनो, त्याने बाया मरतात. मुलगी नको म्हणून गर्भ तपासणं, हे बाईजातीविरुद्धचं कारस्थान आहे, आणि त्याच्याविरुद्ध मुंबईच्या बायांनी ऐंशीच्या दशकात लढा दिला म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली, बीड जिल्ह्यात ८०७. मे २०१२ मध्ये परळीत एक बाई अशाच गर्भपातात मेली. मार्च २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले गर्भ सापडले. राग यावा असंच आहे. पण या कायद्याने गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा. गर्भपाताचा कायदा वेगळा आणि तो १९७१ पासून परवानगी देतो. दोन्हींना एकच 'भ्रूणहत्या' नाव दिलं आणि काय झालं? परळीनंतर राज्यभर औषध दुकानांवर धाडी पडल्या आणि दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. त्या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांतच चालतात. तेवढ्या आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा-मुलगी कळत नाही. म्हणजे ज्या गोळीचा मुलगी मारण्याशी संबंध नाही तीच आधी गायब. श्रीमंतीण मुंबईला गेली. आमच्या खारेपाटातली, जी चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे जायलाच लाजते, ती कोणाकडे गेली ते विचारू नका.

*

श्रामणेर झालेल्या मित्राचा प्रश्न जास्त अवघड आहे. त्याला थातुरमातुर उत्तर देऊन चालणार नाही.

पहिलं शील आहे ते आहे. विनयात तर भिक्खूने गर्भ पाडायला औषध दिलं आणि गर्भ पडला तर तो भिक्खू राहत नाही, ही तिसरी पाराजिका. हे लपवायचं कारण नाही. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेवर काय लिहिलंय ते काढून वाच. ते तत्त्व आणि नियम यांत फरक करतात. नियम माणसाला बांधतो. तो पाळायचा नाहीतर मोडायचा, तिसरी वाट नाही. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं. बुद्धाने अहिंसा तत्त्व म्हणून दिली, असं त्यांचं म्हणणं. आणि मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी, हे त्यांनी स्पष्ट करून ठेवलंय. बाबासाहेबांनी हे गर्भपाताबद्दल लिहिलेलं नाही. त्यांच्या तोंडी ते घालू नका. पण विचार करायची रीत त्यांनी दिलीय आणि ती इथे लागू पडते असं माझं मत आहे. जिला तीन पोरं आहेत, नवरा दारूत आहे, भट्टीवरची उचल फिटलेली नाही, तिच्या पोटात पुन्हा राहिलं तर तिथे मारण्याची इच्छा शोधणारा माणूस शील पाळत नाही, काशीकरगिरी करतो.

गर्भ म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणत नाही. असं म्हणणारी बाईसुद्धा मला भेटलेली नाही. उलट ज्यांनी पाडलं त्यांना साल, महिना, पाऊस होता की ऊन, सगळं लक्षात असतं. कायदाही बारा, वीस, चोवीस असे आठवडे मोजतो, म्हणजे सुरुवातीचा गर्भ आणि शेवटाचा गर्भ एक नाही हे त्यालाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की हे वजन तोलायचं कोणी?

याचं उत्तर बाबासाहेबांनी दिलंय, गर्भपातावर नाही, गर्भ राहू न देण्यावर. १९३८ चा नोव्हेंबर. ७ तारखेचा मुंबईतला कामगारांचा संप आपल्याला पाठ आहे, त्यावर आपण भाषणं ठोकतो. तिथून तिसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला, मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, त्यांचं भाषण पी. जे. रोहम यांनी मांडलं. त्यात त्यांनी सांगितलं की बाईला कुठल्याही कारणाने मूल नको असेल तर ते टाळता आलं पाहिजे, आणि मूल होऊ देणं हे पूर्णपणे तिच्या मर्जीवर असलं पाहिजे. 'कुठल्याही कारणाने' हे शब्द नीट वाचा. नवऱ्याच्या मर्जीवर नाही, डॉक्टरच्या नाही, देशाच्या लोकसंख्येच्या नाही. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागत्या तर एकापुढे कोणी गेला नसता, अशा अर्थाचंही त्यात आहे. ठराव मोठ्या फरकाने पडला. त्याआधी १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले तेही बाबासाहेबच. ७ नोव्हेंबर पाठ आणि १० नोव्हेंबर विसरला, असं का झालं? कामगार म्हणजे पुरुष, असं आपण धरून चाललो, म्हणून.

*

१९७१ च्या कायद्याबद्दल. तो आला तेव्हा पुरोगामी मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि वाजवायलाच पाहिजे होत्या. आपल्याच महाराष्ट्राचे मंत्री शांतीलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यावरून कायदा झाला, १ एप्रिल १९७२ ला लागू झाला. किती बायांचे जीव वाचले असतील. पण कायद्याची बांधणी बघा. गर्भपात हा गुन्हा तसाच ठेवला, फक्त त्याला एक खिडकी पाडली. खिडकीवर डॉक्टर बसवला. डॉक्टरचं प्रामाणिक मत झालं की परवानगी. बाईला हक्क दिला नाही, डॉक्टरला अभय दिलं. दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, कलम ३१२ चं ८८ झालं, गुन्हा आहे तिथेच आहे. साधन फसल्याचं कारण १९७१ मध्ये फक्त लग्न झालेलीला. बेणारेला त्यात जागा नव्हती. ती जागा व्हायला पन्नास वर्षं लागली. २०२१ च्या दुरुस्तीत नवऱ्याच्या जागी जोडीदार शब्द आला, काही बायांसाठी मुदत वीसची चोवीस आठवडे झाली, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न न झालेलीला यातून वगळता येणार नाही.

मधे २००८ साली मुंबईच्या निकेता मेहतांचा खटला झाला. गर्भाच्या हृदयात दोष, कळला तो वीस आठवडे उलटल्यावर. त्या आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार हायकोर्टात गेले, कोर्टाने नाही म्हटलं. पुढे मुदत वाढली त्यामागे हा खटला आहे. त्या बाईचं दुःख खरं आणि धाडस मोठं, त्यात वाद नाही. पण आपल्या बाईची मुदत सोनोग्राफीत उशिरा कळलं म्हणून जात नाही. खाडा पडेल म्हणून जाते, बरोबर यायला कोणी नाही म्हणून जाते, 'नवऱ्याची सही आणा' म्हणून परत पाठवलं म्हणून जाते. तेव्हा कार्यकर्त्यांनी हे पाठ करा: सज्ञान बाईला कायद्याने फक्त तिची स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, सरपंचाची नाही. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला २०२१ पासून एक वर्षापर्यंत कैद आहे. अठराच्या आतली असेल तर पालकांची संमती लागते. हे कागदावर लिहून खिशात ठेवा, सही मागणाऱ्याच्या तोंडावर वाचून दाखवा.

आणि दुसरी बाजू विसरू नका. हीच सरकारं, ज्यांना परवानगी द्यायला एवढे डॉक्टर लागतात, त्यांना पोट बंद करायला कधी कोणाची परवानगी लागली नाही. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं बिल पास केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. बीडच्या ऊसतोड बायांचं २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलं. तपासलेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. पिशवीच काढली, कटकट मिटली. बेणारेचा निकाल आठवतो का? मूल नष्ट करा. तिथे काशीकर होता, इथे मुकादम.

*

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

पंधरा-एक वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका वस्तीत, नाव लिहीत नाही, एका विधवा पोरीला दिवस गेले. चोवीस-पंचवीसची असेल. वस्तीची मिटिंग विहारात बसली. आधी वंदना झाली. आम्ही सात पुरुष. मी शिकलेला म्हणून सेक्रेटरी, प्रोसिडिंग लिहायला. 'शांतता राखा' असं सुरुवातीला मीच म्हणालो होतो. पोर दाराशी उभी, डोक्यावर पदर. कोणाचं म्हणून विचारलं, ती बोलली नाही. एक म्हणाला खाली करायला लाव, समाजाचं नाव जातंय. दुसरा म्हणाला हे पाप विहारात बोलू नका, तिला माहेरी धाडा. माहेरचे घेईनात. दोन तास भांडण झालं. शेवटी ठरलं, खाली करायचं. मी वहीत लिहिलं, 'सर्वानुमते'. ती पोर तोंडातून शब्द काढल्याशिवाय उभी होती आणि मी लिहिलं, सर्वानुमते.

मग मीच तिला आणि तिच्या सासूला घेऊन एका खाजगी डॉक्टरकडे गेलो. त्याने नवऱ्याची सही मागितली. नवरा वारलेला. मग मृत्यूचा दाखला मागितला. तो मिळेपर्यंत तीन आठवडे माझ्या हेलपाट्यांत गेले. सही लागतच नाही, हे मला, सेक्रेटरीला, ठाऊक नव्हतं. दाखला घेऊन गेलो तर डॉक्टर म्हणाला, वीसच्या वर गेलं, आता होत नाही. मूल झालं. मुलगी. नंतर दोघी वस्तीतून निघून गेल्या, पनवेलकडे कुठेतरी काम धरलं असं ऐकलं.

तिला ते मूल हवं होतं की नको होतं, हे मला आजही माहीत नाही. दाखल्यासाठी एवढा पळालो, रस्त्यात दोन वेळा चहा पाजला, पण विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही. आजी असती तर तिने पहिलं तेच विचारलं असतं. आजीच्या हातून बाया मेल्याही आहेत, दोन तरी मला ठाऊक आहेत, मी सुईणींचे गोडवे गात नाही. पण ती दार लावून घ्यायची, पुरुषांना अंगणात बसवायची आणि म्हणायची, "तुला काय करायचं हाय बाय, ते सांग आधी."

तेव्हा तेंडुलकरांच्या नाटकाला महारवाडा नाही, हा माझा आक्षेप मी मागे घेत नाही. पण महारवाडा असता तर त्यात मीही बसलेला दिसलो असतो, हातात वही घेऊन.

*

पोरांना हे सगळं मागच्या रविवारी सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बेणारे करणारी आमची मुलगी, जी इतके दिवस फक्त आपली वाक्यं म्हणायची, ती म्हणाली की शेवटचं मोठं स्वगत ती प्रेक्षकांकडे तोंड करून करणार नाही, कोर्टाकडे करून करणार. दिग्दर्शक म्हणाला, मग लोकांना तुझा चेहरा दिसणार कसा? ती म्हणाली, नका दिसू दे, काशीकराचा दिसेल. वाद झाला. मला तिचं पटलं.

अडचण एकच उरलीय. काशीकराचं काम करायला कोणी तयार होईना. ज्याला दिलं होतं तो म्हणतो, वस्तीत आयुष्यभर त्याच नावाने हाक मारतील. मी म्हटलं, मी करतो. माझं पाठांतर आता राहिलेलं नाही, पण काशीकराला वही बघून वाचता येतं, चालतं. तालीम रविवारी संध्याकाळी सहाला, विहारात. गडब-वडखळच्या बायांनी जरूर यावं, पुढे बसायला चटया टाकतोय. सुताराकडून हातोडी आणायची बाकी आहे.